प्रबळगडाची नोंद कोणी करावी?

सर्व गिरिप्रेमी मंडळींस नमस्कार.

आज मी प्रबळगड चढलो. शेजारी गणपतराव व मी ठरविलेले पनवेलभोवतीचे सर्व डोंगर पूर्ण झाले. आमचा नियम कडक होता: स्वतःची नोंद स्वतः करावयाची नाही, सोबत्याने शिखरावर पाहून वहीत करावयाची.

उतरताना माचीवरच्या सरबतवाल्या बाईंनी (शेजारचा सुळका चढलो तेव्हा गणपतरावांनी त्यांना आमचा नियम रंगवून सांगितला होता) विचारले, "बाबा, आज एकलंच? ते बडबडे बाबा नाय आलं?"

"गणपतराव गेल्या पावसाळ्यात वारले."

"अगं आई! मंग तुमी वर गेलाव, ते पायलं कोनी?"

"कोणीही नाही."

"मी सांगते ना, बाबा चढलं म्हनून!"

"बाई, आपण शिखरावर नव्हता," असे मी ताठपणे म्हणालो.

आता वही समोर उघडी आहे. दोघांनी केलेला नियम मागे उरलेल्या एकट्याने बदलावा काय? कृपया कळवावे.