शेवटचा नट पाण्यातच

कर्र… कर्र… कर्र. लोखंडावर कानस फिरल्याचा तो आवाज इतक्या वर्षांनीही कानात आहे. बुऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेत माझा कवितेचा वर्ग आणि गोविंदराव सरांची कर्मशाळा यांच्यामध्ये एकच भिंत होती. मी नवा होतो, तक्रार घेऊन गेलो. सर शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्ही चाल धरा. आम्ही तिच्यावर घासतो." आणि खरेच, दुसऱ्या दिवसापासून ओव्या आणि कानस एका लयीत चालू लागल्या! आमची ओळख झाली ती अशी.

माझ्या मोतीबिंदूच्या दिवसांत सर रोज दुपारी येऊन मला कविता वाचून दाखवीत. यंत्राची माहितीपत्रिका वाचावी तशा वाचीत, पण एकही दिवस चुकले नाहीत. आज त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना मला आठवते ती मात्र तापीवरची नाव.

पलीकडच्या मुली सुपडूभाऊंच्या नावेने शाळेत येत. एका सकाळी भर पात्रात इंजिन बुडाच्या फळ्यांतून उखडले आणि नाव कलली. वल्ही मारून ती कशीबशी काठाला लागली. इजा कुणाला झाली नाही, पण मुलींची शाळा बंद झाली. नामदेवआबांची नात वैशाली त्याच नावेत होती. आबा सर्वांत कडक. "पोरगी अडाणी राहिली तं चालीन, पर जिती राहो."

सर तेव्हा निवृत्त झाले होते. कुणी बोलावले नसताना स्कूटरवर हत्यारांची पेटी बांधून ते घाटावर गेले. पूर्वी इंजिन नुसते फळ्यांना जखडलेले होते. सरांनी सागाच्या दोन लांब तुळया नावेच्या लांबीने टाकून बरगड्यांना पक्क्या केल्या, म्हणजे इंजिनाचा हादरा एका जागी न बसता साऱ्या नावेत वाटला जातो. त्यांवर रबराच्या गाद्या, मग इंजिन. प्रत्येक बोल्टला दोन नट.

"झालं ना सर?" सुपडूभाऊंनी विचारले.

"अजून नाही. नाव काठावर एक आकार धरते, पाण्यात दुसरा, माणसं बसली की तिसरा. इंजिन आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा एका रेषेत आहेत का, ते भरल्या नावेतच कळतं. शेवटचे नट मी पाण्यातच आवळतो."

पण नाव भरायची कुणी? काठावरून आबा ओरडले, "सर, पहिले तुमच्या घरचं माणूस बसवा!"

सर घरी जाऊन कुसुमवहिनींना घेऊन आले. वहिनी मेथीच्या जुड्यांसकट नावेत चढल्या. "इतकी वर्षं यांच्या स्कूटरवर बसले, नाव काय वेगळं करणार?" मीही बसलो. उरलेले वजन केळीच्या घडांचे. भीतीने मी तोंडातल्या तोंडात शाळेतली एक कविता पुटपुटत होतो.

"गुरुजी, कविता नंतर. पाना द्या," सर म्हणाले.

दांड्याच्या जोडावर बोट फिरवून त्यांनी एका बाजूला पातळ पत्रा सरकवला, पुन्हा पाहिले आणि नट आवळले. मग भर प्रवाहात इंजिन पूर्ण वेगाने चालवले. वहिनी मेथी निवडत होत्या. काठावरच्या बायका आधी इंजिनाकडे आणि मग वहिनींच्या हातांकडे पाहत राहिल्या. आबा मात्र पाठ फिरवून निघून गेले.

"माझ्याकडून जे होतं ते केलं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

अशा या माझ्या स्नेह्याला तापीमाईने भरपूर वर्षे द्यावीत, गुडघे धड ठेवावेत आणि पाना उचलण्याची हौस तशीच राहू द्यावी, एवढेच माझे मागणे.

त्या दिवसाची संध्याकाळ मात्र सांगायची राहिली. मी सरांकडे चहा घेत बसलो होतो. कडी वाजली. वहिनींनी दार उघडले. उंबऱ्याबाहेर नामदेवआबा उभे, धोतर गुडघ्यापर्यंत ओले. पाठीमागे वैशाली, खांद्याला दप्तर.

आबा आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "आत्ता त्याच नावेतनं आलो, सर. इले घेऊन. सकाळची पयली फेरी किती वाजता सुटते?"