मंगळवारची वाट

वंदनाताई गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी कॉलेजला निघालो होतो. काठी हातात होती. ती दाराशी टेकवली आणि खुर्चीवर बसलो. त्या दिवशी कॉलेजला गेलो नाही.

अकोल्याच्या एका अंधांसाठीच्या संस्थेत ताई काठी घेऊन चालायला शिकवत. काचबिंदूने माझी दृष्टी गेली तेव्हा मी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. संस्थेने बोलणारा संगणक दिला, ब्रेल शिकवली, प्राचार्यांशी बोलून नोकरी टिकवली. मुलांसमोर पुन्हा उभं राहणं जमलं. राजापेठेतल्या घरून कॉलेजपर्यंत पोहोचणं मात्र... पायरीवरूनच मागे फिरावंसं वाटायचं. एक दुचाकी कोपराला घासून कुठे गेली हे कळायच्या आत दुसरी यायची. सुरुवातीलाच काठीचं टोक उघड्या नालीत गेलं. मागोमाग मीही जाणार, एवढ्यात ताईंनी दंड धरला. नंतर कितीतरी वेळ मला पाऊल उचलता येईना.

त्या दर मंगळवारी एसटीने यायच्या. शेवटी शेवटी म्हणाल्या, "आता मी मांगं राहीन, सर. पण बोलणार नाई. चुकले तरी नाई. पडाले लागले तरच हात लावीन." मी थांबून थांबून विचारायचो, "ताई, आहात ना?" उत्तर यायचं नाही. ती शांतता मला रहदारीपेक्षा भयंकर वाटे. वळणाची खूण होती रशीदभाईंची संत्र्यांची गाडी. हंगाम संपल्यावर वास गेला तर काय, असं मी सुरुवातीला ताईंना विचारलं होतं. "तर त्यायच्या तोंडावर भरोसा ठेवा. ते बारा महिने चालू रायते." गाडीमागून रशीदभाई हसले, "ताई, गिऱ्हाइकासमोर तरी इज्जत ठेवा!"

शिकवणं संपलं तेव्हा ताईंनी सांगितलं, आता मी येणार नाही. मागे कोणी आहे या भरवशावर माणूस चालू नये, म्हणून संस्थेचा तसा नियमच होता. मी एकटा जाऊ लागलो. भीती गेली नाही, पण स्टाफरूममध्ये 'एकटा येतो' हे मी जरा मोठ्याने सांगत असे.

ताई गेल्यानंतर काही दिवसांनी गाडीपाशी पोहोचलो, तर रशीदभाईंनी विचारलं, "सर, ताई कावून नाई दिसून राहिल्या?"

"इथे कशाला दिसतील?"

मी बातमी सांगितली. मग त्यांनी अडखळत सांगितलं... चौकात रस्ता खोदला तेव्हापासून ताई दर मंगळवारी माझ्या मागून यायच्या. संस्थेच्या कामासाठी अमरावतीत आल्या की आधी इथे. "म्या एक बार विचारलं. म्हणे, सरले सांगू नका भाऊ. मलेच भेव वाटते, पाह्यल्याबिगर चैन पडत नाई." एवढा बोलका माणूस, पण ही गोष्ट त्याने पोटात ठेवली होती.

मी तिथेच उभा राहिलो. पाठ उघडी पडल्यासारखी झाली. कुठला दिवस माझा होता आणि कुठला ताईंचा? एकदा खड्ड्याच्या कडेवर सावरलो होतो, तो मंगळवार होता का? त्यांना तर माझ्या अंगावर येणारी प्रत्येक गाडी दिसत होती, आणि तोंड बंद ठेवायचं होतं.

घरी सुनंदाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंगळवारी मी येत जाईन सोबत." हो म्हणावंसं फार वाटलं.

"नको," मी म्हणालो. "आणि न सांगताही येऊ नकोस."

तिने काठी माझ्या हातात दिली.

इतर दिवशी मी निघतो आणि पोहोचतो. मंगळवारी चौक आला की कान मागे जातात. एकदा तर "ताई, आहात ना?" असं तोंडून निघून गेलं, आणि मी उत्तराची वाट पाहत नेहमीसारखा थांबलो...

मंगळवारी माझ्या मागे कोणी नसतं. भीती असते. मी कॉलेजला जातो.