प्रश्नच चुकेल शे

नाना गेल्याचं मला शोकसभेच्या पत्रकावरून कळलं. आणि वक्ते कोण? ज्यांनी नानांना प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या समितीतून काढलं, तेच गृहस्थ! "नाना फार काटेकोर हो..." म्हणत डोळे पुसत होते. अहो, काटेकोर होते म्हणूनच तर हाकललंत ना त्यांना! मी सभेतून उठून आले. तीन आठवडे झाले, डोकं अजून शांत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला नाना जळगावच्या एका क्लासमध्ये आम्हाला कॉम्प्युटर शिकवत. बारा जणांत एक मशीन, चपला बाहेर, प्रोग्रॅम आधी कागदावर. त्या वर्षी प्रोग्रॅमिंगची स्पर्धा निघाली, नाना तिच्या समितीत. पहिल्या येणाऱ्याला शिकवायची नोकरी. माझ्या वडिलांनी, आबांनी, बजावलंच होतं, नोकरी लागली तर शीक, नाहीतर स्थळ बघतो.

एक प्रश्न कापसाचा होता, मणांतलं वजन किलोत सांगा. मण किती किलोंचा, ते लिहिलंच नव्हतं. आमच्या अमळनेरला मण चाळीस किलोंचा, मी तोच धरला. समितीने प्रश्न उचललेला गुजरातेतल्या कुठल्याशा पेपरातून, तिथला मण विसाचा. मला शून्य! उचलेगिरी त्यांची आणि शिक्षा मला.

नानांनी चार पानं लिहून समितीसमोर ठेवली. कुठला प्रश्न कुठे ढिला आहे आणि तो कसा लिहायला हवा होता, सगळं. "पोर चुकनी नही, प्रश्नच चुकेल शे," अहिराणीतच म्हणाले. शोकसभेतले ते गृहस्थ तेव्हा हसले. "नाना, किती कीस काढाल? स्पर्धाच तर आहे." मग मला आत बोलावून कागद सरकवला, 'माझी काही तक्रार नाही.' पुढच्या वर्षी बघू म्हणाले... आणि मी सही केली. नाना दारातच उभे होते. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नाना एकटे पडले, समितीतून त्यांना काढलं. माझ्यावर राग धरला नाही. उलट अमळनेरला येऊन आबांशी तासभर भांडले, म्हणून मी शिकले. आज धुळ्याच्या कॉलेजात शिकवते.

परवा अक्का, नानांच्या पत्नी, एक पाकीट देऊन गेल्या. नानांनी माझा पत्ता लिहिलेला, पोस्टात टाकायचं राहिलेलं. आत माझाच पेपर. आमच्या कॉलेजच्या स्पर्धेसाठी मी काढलेला आणि शाबासकी मिळेल म्हणून नानांना पाठवलेला. ते आजारी आहेत हे ठाऊक असून भेटायला मात्र गेले नव्हते. गुणांच्या क्रमाने नावं लावायच्या प्रश्नापुढे लाल शाईत लिहिलं होतं, "दोघांचे गुण सारखे आले तर आधी कोण? सांगेल नही. आते कोनले शून्य देशी?"

आधी रागच आला. म्हातारा अंथरुणातूनही खोड काढतोय! मग आठवलं. शून्य मी देऊन बसले होते. धरणगावकडच्या एका मुलीने सारख्या गुणांची नावं माझ्या उत्तराच्या उलट लावली होती. "मॅडम, प्रश्नात तसं नव्हतं," ती म्हणाली, तर मी सगळ्यांदेखत खेकसले, "मला शिकवतेस?"

आज फलकावर लिहिलं, प्रश्न चुकला होता, चूक माझी, निकाल रद्द. पण वाचायला ती आहे कुठे? त्या दिवसापासून कॉलेजला आलेलीच नाही. मैत्रिणी म्हणतात, घरच्यांनी तिचं कॉलेजातून नाव काढायचं ठरवलंय. उद्या पहिल्या एसटीने तिच्या गावी जातेय. तिच्या बापाला काय सांगायचं ते ठरलंय. तिच्याशी काय बोलायचं, ते मात्र सुचत नाही...