काटा पडला तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, यांना तर नाहीच. आता हे गेले — आणि मी रोज लिहायला बसते, रोज कागद बाजूला सारते. सुरुवात कुठून करू?

आमच्याकडे एक फार जुनी गाडी होती. सासऱ्यांनी घेतलेली, यांनी जिवापाड जपलेली. तेलाचा दाब दाखवणारा तिचा काटा बेभरवशाचा. तेल भरपूर असतानाही मध्येच शून्यावर पडायचा. यांना कमी ऐकू यायचं. म्हणून आमच्यात एक रीत पडली होती — काटा पडला की हे गाडी हळू करणार आणि मला विचारणार. मी पुस्तक मिटून ऐकायची. वरची बारीक टिकटिक असली तर चालते. पण खालून, इंजिनाच्या पोटातून ठोके आले, तर तिथल्या तिथे बंद करायचं. हे यांनीच मला शिकवलं. काट्यापेक्षा हिचे कान खरे, असं चारचौघांत सांगायचे.

त्या दिवशी जळगावहून धुळ्याला निघालो होतो. तिथल्या एका वाचनालयात माझं भाषण होतं — आयुष्यातलं पहिलं. एरंडोल मागे पडलं आणि काटा पडला.

"ऐक बरं," हे म्हणाले.

ठोके होते. आधी वाटलं, रस्त्याचा आवाज असेल — नाही, असं नाही वाटलं. मला लगेच कळलं होतं. थांबलो तर भाषण बुडणार, एवढंच डोक्यात होतं.

"काही नाही. काटाच तो. चला."

यांनी थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मांडीवरचे कागद घट्ट धरून मी पुन्हा नाही म्हणाले. ठोके वाढत होते. पारोळ्याच्या अलीकडे इंजिन जाम झालं. भाषण बुडालंच.

इंजिन नुकतंच भिकाभाऊंनी उघडून बसवलं होतं — धुळ्याचे मिस्त्री, यांचे जुने मित्र. त्यांनी येऊन पाहिलं. म्हणाले, तेल गळून गेलंय, पण आधी ठोके आले असणार. तेव्हाच थांबला असतात तर वाचलं असतं. हे म्हणाले, ठोके आलेच नाहीत, म्हणजे तेलाचं कारण नाही, तुझंच काम कच्चं. भिकाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्ही व्हतात ना गाडीमा. काहीच आवाज वना नही का?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का? हे शेजारीच उभे होते.

"नाही," मी म्हणाले.

यांनी त्यांच्याशी बोलणं तोडलं. जुन्या गाड्या बाळगणारी माणसं मोजकी, सगळी एकमेकांच्या ओळखीची. यांनी चार जणांना सांगितलं आणि भिकाभाऊंकडे इंजिनं जायची थांबली. पुढे ते पंक्चर काढतात, असं कानावर आलं. मी ऐकलं — आणि वाचत बसले.

यांच्या दशक्रियेनंतर भिकाभाऊ घरी आले. मी पाणी घेऊन बाहेर आले, तर ते यांच्या फोटोसमोर हात जोडून उभे.

"मनाच हात चुकना व्हई, नाना. माफ करा."

चूक आपल्याच हातून झाली, हे इतकी वर्षं मनात घोळवून त्यांनीही खरं मानलं होतं. मग ते माझ्याकडे वळले. घरात दुसरं कुणीही नव्हतं. कुणाला घाबरायचं होतं आता?

"जाऊ द्या, भाऊ," मी म्हणाले. "आमच्या मनात काही नाही."

त्यांनी डोळे पुसले. मी त्यांना माफ केलं होतं.