शनिवारची विद्यार्थिनी

आमच्या हेडमिस्ट्रेस अक्कांना गणित येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्या भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळ्या व्हायच्या. मी मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या प्रमाणपत्रांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतीच पुण्याहून बंगळुरूला आलेली मी, कन्नडचं एक वाक्य धड येत नव्हतं, खुर्चीच्या टोकावर बसले होते. अर्जावरचं नाव वाचून त्या एकदम मराठीत म्हणाल्या, "गणिताची का तू? बरं झालं गं. मला नाही येत. सातवीत दोनदा नापास झाले मी. सरी, आता चहा घे."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठी, पण तिच्यात निम्मी कन्नड मिसळलेली; 'बरं'च्या जागी 'सरी' यायचं. त्या स्वतः कन्नड शिकवत, आणि इतकं सुंदर शिकवत की व्हरांड्यातून जाणारा शिपाईही घटकाभर थांबायचा. सगळी शाळा त्यांना अक्का म्हणायची. फक्त आमचे ज्येष्ठ गणित शिक्षक मूर्ती सर 'मॅडम' म्हणत. इस्त्रीचा शर्ट, खिशात स्वतःच्या खडूंची डबी आणि चेहऱ्यावर कधीही न चुकल्याचा भाव, असे ते मूर्ती सर.

शाळा यशवंतपूरला. मुलं बाजारात माल उतरवणाऱ्यांची, कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांची. आमच्या संस्थेच्या शहरात आणखीही शाळा होत्या आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांना गणिताचा एकच पेपर असे. त्या वर्षी आमच्या सहावी, सातवी, आठवीचा निकाल सगळ्यांत तळाला गेला. संस्थेचे सेक्रेटरी आले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, की पुढच्या वर्षी सुधारणा दिसली नाही तर हे तीन वर्ग जयनगरच्या शाळेत हलवू.

"मुलगे जातील, सर," अक्का म्हणाल्या. "मुली नाही जाणार. बस बदलत इतक्या लांब कोण पाठवेल त्यांना? पाचवी झाली की घरी बसतील."

"मग शिक्षकांना ट्रेनिंग द्या. बेळ्ळंदूरला एक कंपनी आहे, दोन दिवसांत करून देते. जेवणासकट."

"जेवण आमचं आम्ही करू," अक्का म्हणाल्या. "ट्रेनिंगही."

सेक्रेटरी गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा उतरला होता. "बोलून तर बसले गं. आता ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय करतात, ते सांग."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं स्टाफरूममध्ये योजना करायला बसलो. बोलणं अर्थात कन्नडमध्ये. मला ते एव्हाना कळू लागलं होतं. मूर्ती सरांनी देखणा आराखडा आणला होता. दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक धडा, त्यावर तक्ते, मग सराव. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. पण ह्यात विद्यार्थी कोण?"

"शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये विद्यार्थी कशाला, मॅडम?"

"मग शिकवणार कुणाला? तुम्ही हिला, ही तुम्हाला? तुम्हा दोघांनाही येतंय की. न येणारा एक तरी माणूस नको का?" जरा थांबून त्या म्हणाल्या, "मी बसते. नाटक नाही करायची. मला खरंच येत नाही."

मूर्ती सरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मूल चुकलं तर म्हणता येतं, लक्ष नाही, घरी अभ्यास घेत नाहीत. हेडमिस्ट्रेसना काय म्हणणार?

पहिल्या शनिवारी सातवीच्या वर्गात अक्का पहिल्या बाकावर बसल्या. बाक लहान, अक्का ऐसपैस. गुडघे बाहेर काढून कशाबशा मावल्या. मूर्ती सरांनी ऋण संख्यांचा गुणाकार घेतला. "ऋण गुणिले ऋण बरोबर धन. सोपं आहे."

"का?" अक्कांनी विचारलं.

"नियम आहे, मॅडम."

"कुणाचा?"

सरांनी खडू या हातातून त्या हातात घेतला. मग पुन्हा तेच, जरा मोठ्या आवाजात सांगितलं. अक्का ओशाळं हसल्या, पण प्रश्न सोडला नाही. "मोठ्यानं सांगितलंत म्हणून नाही कळत हो, सर. आणि एक विनंती. 'सोपं आहे' म्हणू नका. तुम्ही सोपं म्हणालात की न येणारा माणूस गप्प बसतो. मी तशीच गप्प बसले होते, सातवीत. दोन्ही वर्षं."

त्या दिवशी मूर्ती सर चहा न घेताच गेले. मला वाटलं, संपलं. आता हे पुढच्या शनिवारी येत नाहीत.

ते आले. आधी आले, आणि दाढी करायला विसरून आले. फळ्यावर त्यांनी थेट लिहायला सुरुवात केली. तीन गुणिले ऋण दोन, ऋण सहा. खाली दोन गुणिले ऋण दोन, ऋण चार. त्याखाली एक गुणिले ऋण दोन, ऋण दोन. मग शून्य गुणिले ऋण दोन, शून्य. "मॅडम, उत्तरं वरून खाली वाचा. काय होतंय?"

"दर वेळी दोन वाढतायत."

त्याखाली सरांनी लिहिलं, ऋण एक गुणिले ऋण दोन, आणि उत्तराची जागा मोकळी ठेवून ते बाजूला झाले.

"थांबा, सांगू नका!" अक्का बाकातून उठू लागल्या. "शून्याच्या पुढे आणखी दोन वाढले तर... दोन! नुसते दोन! धन दोन! अय्यो, हे असं आहे होय!" बाक सरकलं, पदर अडकला, आणि आमच्या हेडमिस्ट्रेस वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत फळ्यापाशी गेल्या. मूर्ती सर त्यांच्याकडे बघतच राहिले. नंतर जिन्यात मला म्हणाले, "इतकी वर्षं हा धडा शिकवतोय. ह्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती."

तिथून आमचे शनिवार बदलले. आठवडाभर आम्ही दोघं, पुढे विज्ञानाच्या बाईसुद्धा, कुठला धडा अक्कांना कुठे अडेल याचा अंदाज बांधायचो, आणि तो हमखास चुकायचा. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, यावर मी तीन शनिवार आपटले. शेवटी घरून होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, नेली. अर्धी पोळी समोर ठेवून विचारलं, "यातून पाव पोळीचे तुकडे किती निघतील?" "दोन की." "मग अर्ध्याला पावाने भागलं तर?" अक्का पोळीकडे बघत राहिल्या. "म्हणजे भागणं म्हणजे किती वेळा मावतं ते? आणि एका अख्ख्या पोळीत पाव चारदा मावतो, म्हणून चारानं गुणायचं? मग हे आधी का नाही सांगितलंस गं!" आणि समजल्याच्या आनंदात त्यांनी तो सगळा धडा खाऊन टाकला.

ही बातमी मुलांपर्यंत पोचली नसती तरच नवल. शनिवारी खिडकीच्या गजांना तोंडं चिकटायला लागली. अक्कांनी त्यांना हाकललं नाही, म्हणाल्या, "या की आत, मला मदत करा." आठवीतली चैत्रा, वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली मुलगी, एकदा त्यांच्या शेजारी बसली. बराच वेळ बघून हळूच म्हणाली, "अक्का, मलाही इथेच अडतं." सोमवारी माझ्या तासाला तिने हात वर केला. तिच्यामागून दुसरीने. हेडमिस्ट्रेसच विचारतात म्हटल्यावर विचारण्यात लाज कसली? माझे तास पुरेनासे झाले. शनिवारी अक्का जिथे अडल्या, तिथेच सोमवारी मुलं अडायची, आणि आता आमच्याकडे उत्तर तयार असायचं.

परीक्षा जवळ आली तेव्हा अक्कांनी जाहीर केलं, की आठवीचा पेपर त्याही देणार. सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, हे शोभत नाही."

"शोभायला मी काय लग्नात बसतेय, सर?" अक्का म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर मला विचारलं, "नापास झाले तर गं?" मुलांसमोर, साऱ्या संस्थेसमोर, सातवीतलं ते सगळं पुन्हा घडू शकत होतं, आणि तरी त्या बसल्या. चैत्राच्या मागच्या बाकावर, कंपासपेटी घेऊन. शेवटची घंटा झाली तरी त्यांचं लिहिणं चाललं होतं. मूर्ती सरांनीच येऊन पेपर ओढून घेतला.

पेपर जयनगरला तपासले गेले. निकाल आला त्या दुपारी आम्ही सगळे ऑफिसात दाटीवाटीने उभे होतो. शाळा पहिली वगैरे आली नव्हती, पण तळातून उचलून मधोमध आली होती. वर्ग जागेवर राहणार होते. मूर्ती सरांनी डोळे पुसायला चष्मा काढला आणि कुठे ठेवला ते विसरले. मग अक्कांचा निकाल वाचला: पास. आठवीच्या सरासरीच्या बऱ्याच खाली, पण पास.

"सरासरीच्या खाली?" अक्का ओरडल्या. "म्हणजे आमची पोरं माझ्यापेक्षा हुशार! लिहा, लिहा ते मोठ्या अक्षरांत!" आणि त्यांनी चैत्राला असं कवटाळलं की तिला श्वास घेता येईना.

त्याच उन्हाळ्यात अक्का निवृत्त झाल्या. मुलीकडे शिवमोग्ग्याला राहायला जायचं ठरलं होतं. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, हार झाला, आणि त्या बोलायला उभ्या राहिल्या. "भाषण नको," म्हणाल्या. "सर, एक धडा राहिलाय. त्रिकोणाचे तीन कोन मिळून सरळ कोन होतो म्हणता. ते दाखवा, मग जाते."

मूर्ती सर तयारच होते. कागदाचा त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडले, एकाशेजारी एक लावले. सरळ रेषा झाली. टाळ्या पडल्या.

"सुंदर," अक्का म्हणाल्या. "पण सर, हा एक झाला. जगातल्या सगळ्या त्रिकोणांचं असंच होतं, हे कसं कळलं? सगळे फाडून बघितले?"

"पुस्तकात सिद्धता आहे, मॅडम. समांतर रेषा काढून," सर म्हणाले, पण ती अक्कांना कशी समजावायची यावर आम्ही अडलो. मी फळ्यापाशी गेले. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, रेषा शिरोबिंदूतून काढा. चैत्रा म्हणाली, नाही, आधी तो कोन इकडे का येतो ते सांगा. तिच्या हातात कुणीतरी खडू दिला. सगळे एकदम बोलू लागले. उपमा गार झाला, सेक्रेटरी घड्याळ बघत होते, आणि फळ्यावर त्रिकोणांवर त्रिकोण चढत होते.

अक्कांना पटलं का, हे विचारायला मी वळले तर त्या जागेवर नव्हत्या. मी फाटकाकडे धावले. त्या रिक्षात बसत होत्या, मांडीवर पिशवी घेऊन.

"अक्का, अशा न सांगता निघालात?"

त्यांनी माझा गाल थोपटला. आतून चैत्राचा आवाज येत होता. फळ्यावर काहीतरी पुसून ती पुन्हा काढत असावी.

"आत जा गं," अक्का म्हणाल्या. "तिकडे उत्तर सापडेल, आणि तू इथे माझ्याकडे बघत उभी राहशील."

रिक्षा सुरू झाली. मी हातही न हलवता आत पळाले.