बरोबरीत सुटलेली तिसरी कुस्ती

मी परदेशी कुस्त्या बघायला लागले त्याला कारण नाना. नाना म्हणजे माझे वडील. पिशोरच्या आसपासच्या गावांत लोक त्यांना अजून पैलवानच म्हणतात, जरी आता अद्रकीच्या वाफ्यात वाकताना त्यांना डावा गुडघा आधी हातानं धरावा लागतो. आमच्या जत्रेत शेवटची, मानाची कुस्ती सलग तीन वर्षं त्यांची आणि कन्नडकडच्या एका पैलवानाची लागली. तिन्ही वर्षं बरोबरीत सुटली. चौथ्या वर्षी नानांनी लंगोट ठेवून दिला आणि कोण भारी ते कधी ठरलंच नाही. मी तेव्हा पाळण्यात होते. पण आजही एसटीत कुणी गाव विचारलं आणि मी सांगितलं की लगेच, "पैलवानाची पोरगी का तू? मग सांग, चौथी झाली असती तर कोण जिंकलं असतं?"

आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. मला शहरात कॉलेजला सोडताना नाना एवढंच म्हणाले, "बाई, आपण कधी कुणाला मातीला पाठ लावू दिली नाय. ध्यानात ठेव." पहिल्या वर्षी वर्गात सगळे माझ्यापेक्षा भराभर बोलायचे, सरांनी प्रश्न विचारला की मी वहीत डोकं घालायचे. मी बाकाला पाठ न टेकता बसायचे. सांगायला लाज वाटते, पण खरंच तशी बसायचे.

गेल्या वर्षी कळलं की त्या तिसऱ्या कुस्तीचं शूटिंग गावातल्या लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यानं केलं होतं आणि आता त्याच्या मुलानं ते इंटरनेटवर टाकलंय. शहरातल्या पडेगावच्या आमच्या भाड्याच्या खोलीत दुपारी बसून मी ते शोधायला लागले. ते सापडलं नाही. त्याऐवजी मोबाइलनं मला एक परदेशातला हॉल दाखवला. शाळेच्या सभागृहाएवढा. घडीच्या पन्नास-साठ खुर्च्या, मधे दोर लावलेला चौथरा आणि त्यावर दोन जपानी बायका एकमेकींच्या छातीवर कोपरापासून हात हाणत होत्या. आवाज ओल्या कपड्यावर धोपाटणं मारल्यासारखा.

मी चार दिवस तेच बघत होते. पाचव्या दिवशी खोलीत माझ्यासोबत राहणारी परभणीची मैत्रीण खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"अगं येडे, हे ठरवलेलं असतंय. कोण जिंकणार ते आधीच माहीत असतंय."

"ते टीव्हीवरचं. मोठ्या कंपनीचं. हे छोटे लोक आहेत, स्वतःच हॉल भाड्यानं घेतात, खुर्च्या पण स्वतःच मांडतात."

"मग काय झालं? छोट्या लोकांना खोटं बोलता येत नाय का?"

टीव्हीवरचं खोटं असतं हे आमच्या गावातल्या पोरांनाही माहीत होतं. पण पन्नास खुर्च्यांसमोर, नाव नाही, फोटो नाही, अशा ठिकाणी कुणी खोटं भांडून छाती काळीनिळी का करून घेईल? खोटं असेल तर वळ कसे खरे?

म्हणून मी एक वही केली. मधे रेघ मारली. डावीकडं लिहिलं 'खरी', उजवीकडं 'ठरवलेली'. रोज कॉलेजवरून आले की एक-दोन कुस्त्या बघायच्या आणि कुठल्यातरी रकान्यात टाकायच्या. पण प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. मेक्सिकोतले मुखवटे घालून दोरावरून उड्या मारायचे आणि मुखवटाच पणाला लावायचे. हरला की सगळ्यांसमोर तोंड दाखवायचं. इंग्लंडातले जुन्या वळणाचे होते. मनगट धरायचे, पिरगाळायचे, समोरचा गिरकी घेऊन सुटायचा. ते बघताना नानांच्या तालमीची आठवण यायची. एका ठिकाणी तर काटेरी तार आणि ट्यूबलाइट होत्या. ती कुस्ती मी अर्ध्यात बंद केली. रक्त खरं होतं आणि निकाल ठरलेला होता. ती कुठल्या रकान्यात लिहायची?

सगळ्यात जास्त गुंतले ते त्या पहिल्या दोन जपानी बायकांच्या वैरात. थोरली गुरू होती, धाकटी तिची शिष्या. दोन वर्षं चाललेलं वैर. व्हिडिओ क्रमानं नव्हते, त्यामुळं मी शेवट आधी बघितला. दोघी मिठी मारून रडत होत्या. मग मागं मागं जात राहिले. हात झिडकारला ते, खुर्ची फेकली ते, शिष्येनं पाठीमागून वार केला ते. आमच्याकडं वैर म्हणजे बांधावरून झालेलं. तीन पिढ्या एकमेकांच्या दारात जात नाहीत. हे कसलं वैर, ज्यात फेकणारी फेकताना दुसरीच्या मानेखाली हात घालते?

कारण तो हात मला दिसायला लागला होता. उचलून आपटायच्या ऐन क्षणी थोरलीचा पंजा धाकटीच्या डोक्यामागं सरकायचा. आणि डोक्याला डोकं लावून झटताना केसांच्या आड ओठ हलायचे. त्या एकमेकींना काहीतरी सांगत होत्या. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. मी वहीत नियम लिहिला : मानेखाली हात असेल तर ठरवलेली.

त्याच आठवड्यात चुलतभावानं नानांच्या कुस्तीचा व्हिडिओ पाठवला.

चित्र मळकं होतं. हलगीचा आवाज फाटलेला. ऊन कललेलं, माणसं झाडांवर चढलेली. नाना केवढे बारीक होते! बराच वेळ दोघं नुसते मानेवर हात टाकून एकमेकांना रेटत होते आणि लोक ओरडत होते, "डाव टाका, डाव!" मग कन्नडकडच्या पैलवानानं एकदम ढाक टाकली. नाना हवेत गेले, कुशीवर पडले, पाठ लागली नाही. सगळं मैदान उठलं. मीसुद्धा खोलीत उभी राहिले.

आणि मग मला तो हात दिसला. नाना जमिनीवर यायच्या आधी त्या पैलवानाचा पंजा त्यांच्या मानेखाली होता.

मी परत लावलं. परत लावलं. किती वेळा ते मोजलं नाही. मैत्रीण म्हणाली, "काय झालं गं, घरी बरं हाय ना?" मी व्हय म्हणाले.

आमच्याकडं ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. हा शब्द पैलवानाला आईवरच्या शिवीसारखा लागतो. त्यापायी जत्रेत डोकी फुटलेली आहेत. दुसऱ्या दिवशी वर्गात मी बसले आणि पाठ टेकवावी की नाही तेच कळेना. नानांचीच कुस्ती खोटी असेल तर मी दोन वर्षं कशावर ताठ बसले होते?

पुढच्या सुट्टीत घरी गेले. नाना ओसरीत अद्रकीचं बेणं निवडत बसले होते. मी थेट विचारलं नाही. आधी त्या जपानी बायकांची कुस्ती लावून मोबाइल त्यांच्यापुढं धरला. चष्मा लावून त्यांनी ती नीट, शेवटपर्यंत बघितली.

"धाकली चांगली पडती," ते म्हणाले.

"पडती?"

"पाडणं कुणालाबी येतं. पडायला शिकावं लागतं. थोरलीनं शिकवलंय तिला. एका तालमीतल्या हायेत दोघी."

"नाना, हे ठरवलेलं असतं."

"ते दिसतंयच की." त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "पण बाई, थोरलीचा खांदा दुखतोय. धाकली त्या बाजूला जातच नाय बघ."

मी शंभरदा बघितली होती, मला ते दिसलं नव्हतं. मग मी दुसरा व्हिडिओ लावला. हलगी वाजली तशी आई चुलीपासून उठून दारात आली. नाना बघत राहिले. ढाक आली. मी तिथंच थांबवलं आणि त्या हातावर बोट ठेवलं.

बेण्याचा एक गड्डा त्यांनी उगाच दोनदा उलटापालटा केला.

"पहिली खरी," ते म्हणाले. "दुसरी पण. दुसरीत त्यानं माझा कान फाडला, मी त्याचं बोट मोडलं. तिसरीच्या आधी आठ दिवस तालमीत माझा गुडघा गेला. कुणाला सांगितलं नाय. मानाची कुस्ती, गावानं फेटा बांधलेला. हात मिळवला, झटलो, त्यानं भार टाकला आन त्याला कळलं. कानात म्हनला, गुडघा गेलाय का? मी म्हनलं, व्हय. म्हनला, मग दिवस मावळंपर्यंत उभं राहू."

"आणि ही ढाक?"

"लोक बोंबलत होते. कायतरी दाखवावं लागतं. कुशीवर टाकतो म्हनला, सावध राहा." त्यांनी गड्डा बाजूला ठेवला. "अंधारून आलं तशी पंचांनी सोडवली."

आई म्हणाली, "त्याच्या गावात त्याला अजून हिणवत्यात. ढाक टाकून पाठ लावता आली नाय म्हनून."

"माहीत हाय मला," नाना म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "तू शिकती. तू सांग. ही नुरा झाली का?"

तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. वीस वर्षं बहुतेक त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारलेलाच नव्हता आणि पहिल्यांदा विचारला तो मला, जिला एक वही नीट भरता आली नाही. मी म्हणाले, "मला नाही कळत, नाना." ते म्हणाले, "मला बी नाय."

शहराकडं परत निघाले त्या दिवशी कन्नडचा बाजार होता. जीपमधे नानाही बसले. म्हणाले, कासरा घ्यायचाय. तो पैलवान कन्नडच्या बाजारात कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकतो हे सगळ्यांना माहीत होतं. आणि नाना त्या ओळीनं कधी जात नाहीत, हेही.

त्या दिवशी गेले. गडी आता जाड झाला होता, कान चुरगळलेले, दोरांच्या ढिगामागं गोणपाटावर बसलेला. आम्हाला बघून शेजारचा मिरचीवाला तागडी हातात धरूनच थांबला. चार माणसं जवळ सरकली.

मी जीपमधे सगळं ठरवून ठेवलं होतं. मी त्यांना सगळ्यांसमोर सांगणार होते, काका, तिसरी तुम्हीच जिंकली असती. खरं ते बोलायला हवं, शिकून मी काय केलं मग? पण खरं बोलले असते तर नाना त्याच बाजारात, त्याच माणसांसमोर चीत झाले असते. आणि गप्प बसले तर हा माणूस आयुष्यभर हिणवून घेणार. दोन्हीकडून कुणाची तरी पाठ लागत होती.

"काय पैलवान," तो ओरडला आणि बसल्या बसल्याच मांडीवर शड्डू ठोकला. "चौथी कधी?"

"तू वजन कमी कर, मग बघू," नाना म्हणाले. माणसं हसली.

"ही पोरगी का? कालेजवाली?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "ये पोरी, तू शिकलेली. सांग सगळ्यांम्होरं. चौथी झाली असती तर कोण जिंकलं असतं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. नाना एका कासऱ्याचा पीळ तपासत होते, वर बघत नव्हते. मी तोंड उघडलं, आणि काय बाहेर येणार हे मलाही माहीत नव्हतं.

"नाना," मी म्हणाले. जरा जास्तच मोठ्यानं.

"बघा, बघा!" तो गोणपाटावर हात आपटून ओरडला. "बापाची बाजू घेती! हेच शिकवत्यात का कालेजात?" मिरचीवाला इतका हसला की त्याची तागडी हलली. लोकांना जे हवं होतं ते मिळालं होतं. ती चार माणसं आपापल्या पिशव्या घेऊन पांगली.

मग तो उठला, कासरा गुंडाळून नानांच्या हातात द्यायला पुढं वाकला. दोघांची डोकी जवळ आली. मी बाजूलाच होते म्हणून ऐकू आलं.

"गुडघा कसा हाय?"

"हाय तसाच."

"उतरताना जपून. गटार हाय तिथं." आणि ओळीतून बाहेर पडताना त्याचा पंजा नानांच्या कोपराखाली होता, गटार ओलांडेपर्यंत.

एसटीत बसल्यावर मी वही काढली. मधली रेघ खोडावी असं वाटलं, पण ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी आधीच आखून ठेवलेली होती. शेजारच्या आजोबांनी पान खाता खाता विचारलं, "गाव कोणतं, बाई?" मी सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले.