गुंडोचा लेप

गुंडोबद्दल मी चांगलं लिहीन असं कुणी समजू नये. मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीतल्या दातांच्या लॅबमध्ये आम्ही बावीस वर्षं शेजारी बसून कवळ्या केल्या. दोघेही तंजावरकडचे मराठी, दोघेही पोटापुरतं शिकलेले. पण हात माझा. कापडी चाकाला प्यूमिसची पूड लावून मी कवळी घासली की डॉक्टर ती उजेडात धरून बघत आणि म्हणत, "पॉलिश राघोत्तमकडेच द्या." गुंडोचं काम बेताचं. सावकाश, अबोल माणूस. डबा उघडला की आधी दुसऱ्याला विचारणारा. त्याचा तो चांगुलपणाही मला कधी फारसा सोसला नाही.

२००५ साली कवळीवर द्यायचा नवा लेप आला. कवळी धुऊन कोरडी करायची, ब्रशनं पातळ थर द्यायचा आणि दिव्याच्या पेटीत तो कडक करायचा. मग काप्पीचे, म्हणजे कॉफीचे, आणि विड्याचे डाग सहसा धरत नाहीत, वास मुरत नाही, चरेही कमी पडतात. लॅबचे मालक शेषाद्री यांनी शिकायला आधी मलाच जा म्हटलं. "माझं पॉलिश असताना वर वार्निश कशाला?" असं मी बोलून गेलो. गुंडो गेला. वर्षभरात लोक दारातच विचारू लागले, गुंडो कुठे बसतो. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खरं पोटात दुखलं ते आईमुळे. माझी आई राजसबाई दिवसाला आठ विडे खाणारी. तिची कवळी मीच केलेली. ती तोंडात बसवून दिली तेव्हा आई तमिळीत नुसतं "सरि", ठीक आहे, म्हणाली. बरं केलंस, असं काही नाही. माझ्या कामाबद्दल तिच्या तोंडून चांगला शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. पुढे माझी मुलगी हरिणी आजीच्या कुशीतून नाक दाबून उठू लागली. कवळीत विड्याचा वास मुरला होता. आई मला काही बोलली नाही, परस्पर गुंडोकडे जाऊन लेप लावून आली. हरिणी परत तिच्याजवळ झोपायला लागली. "गुंडोच्या हाताला गुण आहे," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. पिकतं तिथे विकत नाही, हे मला ठाऊक होतं; पण स्वतःच्या आईनं ते दाखवावं?

एका शनिवारी "साफ करून आणतो" म्हणून मी तिची कवळी लॅबमध्ये नेली. गुंडो जेवायला गेला होता. माझ्या पॉलिशपुढे त्याचा लेप काय, ते एकदा दिसू दे, एवढंच मनात होतं. दोन मिनिटं चाकावर धरली. अशी चमकली की मीच खूश झालो. चाकानं लेप खाल्ला होता. ते मला समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. इतकी वर्षं चाक चालवणाऱ्याच्या बोटांना कळतं. तरी मी ती तशीच आईला नेऊन दिली.

दोन महिन्यांत डाग चढले, वास आला, हरिणी दूर झाली. आई रिक्षा करून थेट लॅबमध्ये आली आणि कवळी गुंडोपुढे ठेवली. "काय रे बाळा, असं कां जालं?"

गुंडोनं ती दिव्याखाली धरून भिंगातून पाहिली. मी डावरा. माझ्या चाकाच्या बारीक रेघा उलट्या जातात, ते सगळ्या लॅबला माहीत. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान खाली घातली.

"मावशी, माझंच चुकलं," तो म्हणाला. "लेप पातळ बसला होता. बसा, आत्ताच लावून देतों."

खरंच सांगतो, त्या क्षणाइतका त्याचा हेवा मला कधी वाटला नाही.

त्या संध्याकाळी भात वाढताना आई म्हणाली, "गुंडोला काम जमत नाही रे. तुझ्या हातून असं कधी जालं नसतं. तुझाच हात बरा."

बावन्न वर्षांचा झालो तेव्हा आईच्या तोंडून हे ऐकलं. मी ताक मागून घेतलं आणि जेवलो. दुसऱ्या दिवशी ती तेच शेजारणींना सांगत होती, आणि मी चपला घालता घालता ऐकत उभा राहिलो.